नवव्या कलमातली मरपाची

रघुरामनं आईला न विचारता जुनं लाकडी कपाट काढून टाकलं आणि त्या जागी नवं पोलादी आणून उभं केलं, त्या दिवसापासून तुळसीबाईंचा पाय घरात ठरेना. कपाट किडलेलं होतं हे खरं. पण त्यातल्या वस्तू दुसऱ्याच्या हातांनी हलल्या, आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईला ते लागलं. मग उठल्यापासून हे उघड, ते झाक, इथला तांब्या तिथे ने, पुन्हा जागेवर आण. मद्रासजवळच्या तांबरमचा तो फ्लॅट दोन खोल्यांचा, त्यात हरवून हरवून काय हरवणार? तरी त्या शोधत होत्या. आणि एका रविवारी कॉफीचा टंबलर खाली ठेवून त्यांनी लेकीला सांगितलं, की कागद घे, मला मृत्युपत्र करायचंय, आणि तेही नवरात्राच्या आत.

लेक म्हणजे रंजनी. वय छप्पन, लग्न केलं नाही, तांबरमच्याच एका कॉलेजात इतिहास शिकवते, आईजवळ राहते. आणि गंमत अशी, की तिचा सगळा अभ्यासच मृत्युपत्रांचा नि घरगुती याद्यांचा. तंजावरच्या मराठी घरांत कोणी गेलं, कोणाचं लग्न झालं, भाऊ वेगळे निघाले, की मागे यादी राहते. पराती किती, समया किती, लुगडी किती आणि कुणाला काय. अशा याद्यांसाठी रंजनी तीस वर्षं लोकांच्या माळ्यांवर चढली आहे, झुरळं अंगावर घेतली आहेत, म्हाताऱ्यांची लांबण ऐकली आहे. वर्गात ती दरवर्षी एकदा तरी ऐकवतेच, की माणूस आत्मचरित्रात खोटं बोलेल, भांड्यांच्या यादीत नाही बोलणार. मुलं ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत लिहितात, मार्क मिळवतात.

तेव्हा आईनं यादी सांगायची आणि आपण लिहायची, याचं तिला खरं तर कौतुकच वाटलं. ती मांडी घालून बसली. तुळसीबाई बसेनात. त्या खोलीभर फिरत, एकेक वस्तू हातात घेत सांगत होत्या. फ्लॅट दोघा भावंडांत निम्मा निम्मा. तांब्याचं घंगाळ रघुरामला. चांदीचं निरांजन नातीला. काळा दगडी रगडा कुणालाच नको असणार, तो देवळात द्यावा. आठवं कलम, कोलूतली मरपाचीची जोडी, मैलापूरहून विकत आणलेली, ती सुनेला.

मरपाची म्हणजे रक्तचंदनाच्या दोन बाहुल्या, एक पुरुष, एक बाई. नवरात्रात तिकडे घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, त्याला कोलू म्हणायचं, आणि त्यात मान या जोडीचा. ती बसते सगळ्यात वरच्या पायरीवर. लेकीचं लग्न झालं की आई तिला ही जोडी देते, लेक दरवर्षी तिला नवी वस्त्रं शिवते. तमिळ मुलखात तीनशे वर्षं राहून मराठी घरांनी जे जे उचललं, त्यातलं हे एक.

"नववं," तुळसीबाई म्हणाल्या, "माझी मरपाची जोडी. माझ्या अम्मानं दिल्हेली. ती रंजनीला."

रंजनीचं लिहिणं थांबलं. तिनं हळूच सांगितलं, की जोडी घरात एकच आहे आणि ती आत्ताच आठव्या कलमात जाऊन बसली. तुळसीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू मंद मूल समोर बसलंय. ती मैलापूरची, त्या म्हणाल्या, ही तंजावरची. पुरुषाच्या डोक्याला माझ्या अप्पांच्या जरीच्या उपरण्याची पगडी. बाईला हिरवं लुगडं. लिही.

रंजनीनं लिहिलं खरं, पण छप्पन वर्षांत तिनं असली जोडी घरात पाहिलेली नव्हती.

संध्याकाळी रघुराम आला. त्याचा गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग बनवायचा लहानसा कारखाना आहे, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीचा नटबोल्ट आपल्याला सापडतो अशी त्याची खात्री आहे. मनानं वाईट नाही. फक्त घाईत असतो. त्यानं यादी वाचली, नवव्या कलमावर बोट ठेवलं आणि बहिणीला गॅलरीत बोलावलं. गेल्या महिन्यात अम्मानं दूध गॅसवर ठेवलं नि गच्चीवर निघून गेली, हे त्यानं ऐकवलं. नातीला मेलेल्या मावशीच्या नावानं हाक मारली, तेही. आता गुरुवारी डॉक्टर येणार, ती शुद्धीवर आहे असा दाखला देणार. त्यांच्यासमोर ती नसलेल्या बाहुल्या वाटायला लागली तर?

"एकदा का डॉक्टरनं लिहिलं की डोकं ठिकाणावर नाही," तो म्हणाला, "की तिला पुन्हा कोणी काही पुसणार नाही. बँक मला पुसेल, दवाखाना मला पुसेल. तिला कोणी नाही. ते होऊ नये असं वाटत असेल तर ही ओळ गुरुवारच्या आत खोड. तुझं ती ऐकेल."

तो निघून गेला, आणि रंजनीची झोप घेऊन गेला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत. आणि त्याहून मोठी भीती तिनं त्याच्याजवळ बोलून दाखवली नव्हती. अम्माचं खरंच सुटत चाललं असेल तर?

सोमवारी तिनं घर उलथंपालथं केलं. माळा, पलंगाखालच्या ट्रंका, वडील कृष्णस्वामी वारल्यापासून न उघडलेली त्यांची रेल्वेच्या नोकरीतली पेटी, सगळं. वडिलांचे पगाराचे चिटोरे निघाले, नाकातली मोडकी नथ निघाली, मरपाची नाही. तुळसीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काय शोधतेस म्हणून त्यांनी विचारलंसुद्धा नाही. फक्त काढलेली प्रत्येक गोष्ट होती तिथेच परत ठेव, एवढं बजावलं.

मंगळवारी ती कॉलेजातून परस्पर गिंडीला गेली. रघुरामला सांगून पाहिलं, की राहू दे ती ओळ, आपण डॉक्टरांना आधी कल्पना देऊ. त्यानं चालू यंत्राच्या आवाजात मान हलवली. आधी कल्पना दिली तर डॉक्टर नेमकं तेच विचारतील, असं तो म्हणाला, आणि हेही खोटं नव्हतं. परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. मन वाऱ्यावर होतं, तेव्हा हाताला काम द्यावं म्हणून तिनं पिशवीतली प्रुफं काढली. तिचाच एक लेख, एका संग्रहात येणार होता, तपासून द्यायचा होता. लेख आजीच्या यादीवर होता.

आजी म्हणजे वडिलांची आई. तिनं आपल्या एकुलत्या एका लेकीच्या, म्हणजे राजसबाईंच्या लग्नात काय काय दिलं याची स्वतःच्या हातानं यादी केली होती. रंजनीनं ती जपून ठेवली होती, तिच्यावर तिचा मोठा लेख उभा होता. चार वर्षांपूर्वी एका परिसंवादात तिनं तो वाचला, तेव्हा तुळसीबाई जांभळं रेशमी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या झाल्या. अम्मा तेवढं "बरं लिहिलंस" म्हणाली, आणि जेवणाला न थांबता घरी चल म्हणून मागे लागली. उन्हाचा त्रास झाला असेल, असं तेव्हा रंजनीला वाटलं होतं.

आणि आता गाडी परंगीमलै स्टेशनाच्या पुढे सरकत असताना तिनं आपलंच वाक्य वाचलं. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ती कुठून आणली हे आजीनं लिहिलंय, कुंभकोणमची परात, कांचीचं लुगडं. फक्त एका वस्तूपुढे गाव नाही. 'मरपाची जोडी, वस्त्रांसह.' त्या रिकाम्या जागेवर रंजनीनं दीड पान खर्ची घातलं होतं. ही वस्तू विकत आणलेली नाही, तर आईकडून लेकीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, म्हणून तिला दुकान नाही; स्त्रियांच्या वारशाची एक मूक रेघ इथे दिसते, वगैरे. शब्द छान होते. पुढे वस्त्रांचं वर्णन होतं, आजीनं लिहून ठेवलेलं, तिनं जसंच्या तसं उतरवलेलं. पुरुषास जरीची पगडी. बाईस हिरवे.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. गाडी तांबरमला लागली तरी ती उठली नाही, शेजारच्या बाईनं उठवलं.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तिनं आईला विचारलं, ती जोडी राजसआत्याकडे आहे का. तुळसीबाई फुलवाती वळत होत्या. त्यांचे हात गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा थांबले.

मग त्यांनी सांगितलं. रडल्या नाहीत, आवाजही चढला नाही. त्या सासरी तंजावरला आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या. पहिल्या नवरात्रात त्यांनी ती जोडी कोलूत बसवली, सगळ्यांनी वाखाणली. संक्रांतीनंतर नणंदेचं लग्न ठरलं. राजस त्यांच्याहून एकच वर्षानं धाकटी. सासूबाईंनी एका दुपारी सुनेची पेटी उघडली, जोडी काढली आणि लेकीच्या रुखवतात मांडली. सुनेनं नुसतं बघितलं, तर म्हणाल्या, घरात आलं ते घराचं. झालं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, माहेरी कळवायची तर नव्हतीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढे सगळे मद्रासला आले, राजस मांबळमला आणि त्या तांबरमला. मग दर नवरात्रात नणंदेकडे कुंकवाला जायचं, आणि वरच्या पायरीवर आपली जोडी बसलेली बघायची. तिथे बसून सुंडलचा, म्हणजे चण्याच्या उसळीचा, द्रोण संपवायचा, कोलू छान झाला म्हणायचं. नवरा गेल्यावर कुंकवाची बोलावणी थांबली, तेव्हा लोक हळहळले. तुळसीबाईंना त्या एका घरापुरतं बरंच वाटलं होतं.

 रंजनीला स्वतःची विलक्षण लाज वाटली. आईच्या पेटीतून उचललेल्या वस्तूला तिनं भर सभेत वारसा म्हटलं होतं, आणि आई पहिल्या रांगेत ते ऐकत बसली होती. तेव्हाच का नाही सांगितलंस, असं तिनं विचारलं. तू मला पुसलं नाहीस, तुळसीबाई म्हणाल्या, तू यादीला पुसलंस.

"पण मग अम्मा, मृत्युपत्रात कशाला? जोडी मागून आणू. मी जाते आत्याकडे."

"नक्को. मागायची नाही. मागून आणली तर ती राजसनं दिल्हेली होईल." तुळसीबाईंनी वात पुन्हा हातात घेतली. "माणूस देतो ते आपलंच देतो की नाही? दुसऱ्याचं कोण देईल? मी तुला दिल्ही असं लिहिलं, की ती माझी होती हे झालं. मला तेवढंच हवं."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दोन साक्षीदार लागतात ना? एक डॉक्टर. दुसरी राजस. त्यांनी सकाळीच फोन करून तिला गुरुवारी बोलावलं होतं.

बुधवार कसा गेला ते रंजनीलाच माहीत. वर्गात ती एकच तास दोनदा शिकवायला निघाली. रघुरामला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, की खरं असलं तरी सिद्ध कसं करणार. आत्या नाही म्हणाली तर? म्हातारपणी नणंदेवर चोरीचा आळ घेणारी बाई, डॉक्टर काय समजतील? शिवाय साक्षीदार तरणा असावा लागतो, एक्याऐंशी वर्षांचा कुणी घेतं का? तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. डॉक्टरनं विचारलं तर अम्मा काय सांगेल, एवढाच तिचा प्रश्न होता. आईला विचारलं, तर त्या म्हणाल्या, माझ्या दारी आलेल्या बाईला मी चार माणसांत चोर म्हणणार नाही. मग सांगशील काय? काही नाही सांगणार.

म्हणजे सांगितलं तर पाहुणीची अब्रू, नाही सांगितलं तर स्वतःचं डोकं. रंजनीला वाटलं, खोडून टाकावी ती ओळ, गुपचूप, आईला दिसायचं नाही. नवव्या कलमावर पेन नेऊन तिनं मागे घेतलं, तेही एकदा नाही.

गुरुवारी राजसबाई आल्या. त्यांचा मुलगा मुरली यानं गाडीनं सोडलं आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून तो गेला. राजसबाईंच्या पाठीला बाक आला होता, पण कानातल्या कुड्या झगझगीत आणि जीभ शाबूत. आल्या आल्या फ्लॅटला हवा नाही, कॉफी पातळ आहे, रंजनी वाळलीय, हे सगळं त्यांनी नोंदवून घेतलं. तुळसीबाईंनी त्यांना चांगल्या खुर्चीवर बसवलं, पाठीला उशी दिली. दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांविषयी बोलल्या. रघुराम खिडकीपाशी उभा राहून खिशातल्या किल्ल्या वाजवत होता.

डॉक्टर आले. घरचेच, पण मराठी न येणारे. त्यांनी तमिळमध्ये नेहमीचं विचारलं, आज वार कोणता, मुलं किती, कोण कोण बसलंय. तुळसीबाईंनी वार सांगितला, तिथीही सांगितली, वर डॉक्टरांच्या वडिलांचं नावही सांगितलं. डॉक्टर हसले. सही करायला हरकत नाही म्हणाले. तेव्हा तुळसीबाईंनी हात वर केला. आधी सगळं मोठ्यानं वाचायचं, मराठीत, आणि डॉक्टरांना तमिळमध्ये समजावून सांगायचं. ज्यांनी साक्ष द्यायची त्यांना ऐकू आलं पाहिजे.

रंजनी वाचू लागली. घंगाळ, निरांजन, रगडा. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. आठवं कलम झालं. नववं तिनं वाचलं, एकाही शब्दावर न थांबता, कारण थांबली असती तर पुढे जाता आलं नसतं. 'माझी मरपाचीची जोडी, रक्तचंदनी, माझ्या आईने माझ्या लग्नात मला दिलेली, पुरुषास माझ्या वडिलांच्या उपरण्याची पगडी, ती माझी मुलगी रंजनी हिला.' मग तेच तमिळमध्ये.

राजसबाईंनी टंबलर तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला.

डॉक्टरांचं लक्ष मात्र भिंतीकडे गेलं. आठव्या कलमातली मैलापूरची जोडी तिथे कपाटावर ठेवलेली होती. त्यांनी सहजच विचारलं, की दुसरी कुठे आहे, दाखवा की. रघुरामच्या किल्ल्या थांबल्या. तुळसीबाईंनी पदर सारखा केला. डॉक्टरांनी जरा मोठ्यानं, मुलाला विचारावं तसं, आजी म्हणून हाक मारत पुन्हा विचारलं. पाट्टी, ती जोडी घरात आहे ना? आठवतंय का? तुळसीबाई नुसत्या समोर बघत राहिल्या. डॉक्टरांनी रघुरामकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. रंजनीचे डोळे भरून आले. आता आपणच बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं तिच्या मनगटावर हात ठेवून ते मिटवलं.

टंबलर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आहे. आमच्या घरी आहे," राजसबाई डॉक्टरांना तमिळमध्ये म्हणाल्या. मग रंजनीकडे वळून मराठीत, "बाईचा उजवा हात मोडलाय. मुरलीनं लहानपणी पाडली. तेही लिही, यादी खरी असावी."

 राजसबाईंनी वहिनीकडे पाहायचं टाळलं होतं, पण आता पाहिलं.

"माझी अम्मा म्हटली होती, वैनीनं हौसेनं दिल्ही. सोळा वर्षांची होते, मला खरं वाटलं. मग तू माझ्या पहिल्या कोलूला आलीस आणि वरच्या पायरीकडे पाहिलंस, तेव्हां कळलं. कळलं, पण तुला पुसलं नाही. पुसलं असतं तर परत द्यावी लागली असती."

तुळसीबाईंनी नणंदेच्या पाठीची घसरलेली उशी नीट केली.

"पुसलं असतंस, राजस, तर मी दिल्ही असती."

राजसबाईंची मान खाली गेली. डॉक्टरांना या मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं. हे कलम ठेवायचं की काढायचं, एवढंच त्यांनी रघुरामला विचारलं.  रघुराम आईच्या खुर्चीपाशी येऊन गुडघ्यांवर बसला, आणि अम्मा, काय करायचं, असं त्यानं तिला विचारलं.

"राहू दे," तुळसीबाई म्हणाल्या. "हाताचंही लिही."

रंजनीनं लिहिलं. तुळसीबाईंनी सही केली, डॉक्टरांनी केली. मग कागद राजसबाईंपुढे गेला. त्यांनी चष्मा चढवला, नववं कलम बोटानं शोधलं, पगडीपासून मोडक्या हातापर्यंत पुन्हा एकदा वाचलं, आणि साक्षीदाराच्या जागी आपलं नाव लिहिलं.